जुन्या कॅबिनेटचा पत्रा कापून वॉटर कूलिंग बसवायचंय, गोव्याच्या हवेत टिकेल का?

चिरेबंदी
नमस्कार मंडळी, फोंड्याहून लिहितोय. २०११ साली बारावी झाल्यावर बाबांनी मला पहिला कॉम्प्युटर घेऊन दिला. त्याच्या आतलं सगळं आजवर तीनदा बदललं पण कॅबिनेट तेच आहे, काळं, लोखंडी, समोर डीव्हीडीचे चार कप्पे, उचलताना कंबर धरावी लागते इतकं जड. सध्या त्यात रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्ड आहे. एप्रिलात दुपारी रेंडर लावला की कार्ड ८३ अंशांवर जातं, प्रोसेसर ८८-९० वर, आणि पंख्यांचा आवाज इतका की आई स्वयंपाकघरातून विचारते कोणी मिक्सर चालू ठेवलाय काय.

म्हणून कस्टम लूप (सुटे भाग जोडून स्वतः बनवलेलं, पाणी फिरवत राहणारं वॉटर कूलिंग) करायचं ठरवलंय, कार्ड आणि प्रोसेसर दोन्हीवर ब्लॉक, म्हणजे आतून पाणी जाणारे धातूचे ठोकळे, आणि ते पाणी थंड करायला ३६० मिमीचा रेडिएटर. अडचण अशी की छतावर दोनच १२० च्या पंख्यांची जागा आहे. दुकानात सगळे सांगतात नवीन कॅबिनेट घे, पाच मिनिटांचं काम. पण मला हेच ठेवायचंय. बाबा खाणीच्या वर्कशॉपात फिटर होते, आता रिटायर्ड आहेत, ते म्हणतात पत्रा काय, कापला की बसतो.

तर प्रश्न तीन. छत कापू की पुढचा भाग? कापलेल्या कडा आमच्या पावसात गंजणार नाहीत कशा (आमच्या गॅलरीचं रेलिंग दर वर्षी रंगवावं लागतं)? आणि इतक्या दमट हवेत वीज आणि पाणी एकाच डब्यात ठेवणं शहाणपणाचं आहे का?

खाजे
फक्त एवढंच सांगायला आलो की तुझे बाबा मला आवडले. धागा बुकमार्क केलाय.

सोलकढी
मी पणजीत एका ऑफिसचे साठेक पीसी सांभाळते, त्या अनुभवावरून मनापासून सांगते, आधी प्रोसेसरवर बसणारा एक मोठा दोन टॉवरवाला एअर कूलर आणि समोर तीन चांगले पंखे लावून बघ. प्रोसेसर दहा अंशांनी खाली येईल. एअर कूलर बिघडला म्हणजे पंखा बिघडला, पंखा दुसरा मिळतो. लूप बिघडला तर मदरबोर्डावर पाणी. आणि वर्षातून एकदा तरी सगळं रिकामं करून धुवावं लागतं, ते करणारे लोक मी फार कमी बघितलेत.

विरोध नाही हं, पण देखभालीची तयारी असेल तरच ह्यात पड.

शून्य अंश
सोलकढी ताईंचं प्रोसेसरपुरतं बरोबर आहे, पण त्याचा खरा त्रास कार्डाचा आहे आणि ३०८० चा ३२० वॅट कुठलाही टॉवर कूलर काढत नाही. मी वास्कोत गेली सहा वर्षं लूप चालवतोय, दोन कॅबिनेटं कापलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चिरेबंदी, आधी ग्राइंडर घेऊ नको, मोजपट्टी घे. ३६० म्हणजे तीन १२० चे पंखे हे खरं, पण रेडिएटरच्या दोन्ही टोकांना छोट्या टाक्या असतात, त्यामुळे लांबी ३९०-४०० मिमी होते, आणि फिटिंगच्या टोकाला ट्यूब वळायला अजून ३०-४० मिमी मोकळं लागतं. जाडी पातळातल्या पातळाची ३० च्या आसपास, वर पंखा २५, म्हणजे ५५. आता छतापासून मदरबोर्डच्या वरच्या कडेपर्यंत मोज. त्या काळच्या कॅबिनेटात २५-३० च्या वर जागा मिळत नाही. तिथे ५५ घालायला गेलास तर रॅमला किंवा व्हीआरएमच्या (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाच्या) हीटसिंकला धडकणार. छत कितीही कापलं तरी मदरबोर्ड खाली सरकत नाही.

म्हणून माझं मत पुढचा भाग. डीव्हीडीचा आणि हार्डडिस्कचा पिंजरा बहुतेक रिव्हेटनी धरलेला असतो, रिव्हेटचं डोकं ड्रिलने उडवलं की अख्खा पिंजरा बाहेर. मग समोर वरपासून खालपर्यंत रान मोकळं.

आता उष्णतेचा हिशेब. ५८००एक्स वर १०५ वॅट लिहिलंय पण पूर्ण लोडला तो १४२ पर्यंत ओढतो. कार्डाचे ३२०. बेरीज ४६२. पंखे हळू फिरवायचे तर दर १२० मिमीला साधारण १०० वॅट असा आमचा ठोकताळा आहे. म्हणजे एक ३६० पुरेल, पण पंखे जोरात फिरतील आणि तुझी आई पुन्हा मिक्सरचं विचारेल. दुसरा एक पातळ २४० छतावर बाहेरून ठेव आणि त्याचे पंखे आतून, छताखाली. आत फक्त २५ मिमी जातात, म्हणजे ते बसतात. मग पाच पंख्यांची जागा झाली आणि छताला फक्त आहेत तीच भोकं मोठी करायची.

मांडवीपार
प्रश्न आहे, मी कॉलेजात आहे म्हणून माफ करा जर बावळट वाटला तर. पाणी आधी प्रोसेसरला द्यायचं की कार्डाला? मागून जाणाऱ्याला गरम पाणी मिळणार ना?

शून्य अंश
अजिबात बावळट नाही, हा प्रश्न सगळे विचारतात. मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल तर ७० वॅटला ते एक अंश गरम होतं. साध्या डी-५ पंपावर दोन ब्लॉक आणि दोन रेडिएटर असताना मिनिटाला चार लिटर मिळालं असं धर, म्हणजे २८० वॅटला एक अंश. त्याचे ४६२ वॅट म्हणजे अख्ख्या फेरीत दीड-पावणेदोन अंशांचा फरक. त्यामुळे क्रम कुठलाही ठेव, ट्यूब जिथून सरळ जाते तसा. क्रम पाळायचा तो एकच, टाकी पंपाच्या वर आणि थेट पंपात उतरणारी. पंपाला आतून पाणीच वंगण घालतं, कोरडा चालला की बेअरिंग संपलं.

चिरेबंदी
मोजलं. छत ते मदरबोर्ड २८ मिमी. पुढे पिंजरे काढले तर उंची ४३५, आणि पुढच्या पत्र्यापासून मदरबोर्डच्या कडेपर्यंत २०० च्या वर. कार्ड २८५ लांब, तेही बसतं. म्हणजे शून्य अंशदादा तुम्ही म्हणता तसंच, पुढे ३६० आणि छतावर बाहेरून २४०. पत्रा व्हर्नियरने बघितला, ०.८ मिमी.

परदेशी_पाखरू
मी मूळचा मडगावचा, सध्या पुण्यात. इतकी मेहनत कशाला हेच कळत नाही. नवीन कॅबिनेटात ३६० वर, ३६० पुढे, काचेचं दार, केबल लपवायला मागे जागा. जुन्या पत्र्याशी झटण्यात जे आठवडे जातील त्यात चार रेंडर जास्त कर. आणि माझ्या लूपमध्ये मी घरच्या आरओचं पाणी घातलंय, दोन वर्षं झाली, काहीही झालेलं नाही.

मालीम_जेटी
परदेशी_पाखरू भाऊ, पाण्याच्या बाबतीत मी बोलतो, ते माझं रोजचं काम आहे. मी ट्रॉलरची इंजिनं बघतो.

बोटीला पितळी पंखा, लोखंडी शाफ्ट, आणि दोघांमध्ये खारं पाणी. दोन वेगळे धातू एकमेकांना जोडलेले आणि मध्ये वीज वाहून नेणारं पाणी म्हणजे ती बॅटरीच झाली, आणि त्यात एक धातू दुसऱ्यासाठी झिजतो. म्हणून आम्ही जस्ताचे ठोकळे बसवतो, झिजायचं ते जस्त झिजू दे. इंजिनाच्या हीट एक्स्चेंजरमध्ये सुद्धा पेन्सिलीसारखी जस्ताची कांडी स्क्रूने लावलेली असते, दर काही महिन्यांनी काढून बघायची, अर्धी संपली की नवी. नवीन पोरगा आला आणि ती बघायला विसरला तर पुढच्या सीझनला एक्स्चेंजरच्या नळ्या पोखरलेल्या मिळतात.

तुमच्या पीसीतही तेच. ब्लॉक तांब्याचे असतात, वर निकेल चढवलेलं. स्वस्तातले काही रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचे असतात. दोन्ही एका पाण्यात आले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जाणार. रेडिएटर घेताना तांबं-पितळ आहे की नाही हे विचारूनच घ्यायचा, फिटिंग पितळेचीच. लूपमध्ये जस्ताची कांडी घालायचा विचार कोणी करू नका, तो चुरा ब्लॉकच्या बारीक फटींत जाऊन बसेल. इथे सरळ उपाय एकच, धातू मिसळायचे नाहीत.

आरओचं पाणी वीज वाहून नेतं, त्यात क्षार राहतात. बऱ्याच घरच्या मशीनमध्ये चव यावी म्हणून थोडं मूळ पाणी परत मिसळतात. डिस्टिल्ड घ्या आणि त्यात गंजरोधक आणि शेवाळ न येऊ देणारं औषध असलेलं कॉन्सन्ट्रेट.

परदेशी_पाखरू
बरं, हे आपल्याला माहीत नव्हतं. माझे ब्लॉक नि रेडिएटर दोन्ही तांब्याचे आहेत त्यामुळे वाचलो असेन. ह्या शनिवारी पाणी काढून बघतो. पण कॅबिनेटबद्दल माझं मत तेच आहे :)

खाजे
पाखरू पुण्यात राहून मत बदलेल ही अपेक्षाच चुकीची.

पत्रा_मेस्त
धागा वाचत होतो, कापायचा विषय आला म्हणून लिहितो. कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत पत्र्याचं काम करतो, बावीस वर्षं झाली.

पहिली गोष्ट, आतलं सगळं बाहेर काढ. सगळं म्हणजे मदरबोर्ड उभा राहतो ते पितळी खांब सुद्धा, पॉवर बटणाच्या वायरी सुद्धा. लोखंडाचा किस इतका बारीक असतो की एक कण मागे राहिला तरी सहा महिन्यांनी कुठेतरी शॉर्ट करेल. काचेचा दरवाजा असेल तर दुसऱ्या खोलीत ठेव. ग्राइंडरची ठिणगी काचेत रुतते, घासून जात नाही. टफन केलेल्या काचेला भोक पाडायचा प्रयत्नच करू नये, अख्खी काच तांदळासारखी खाली पडते.

आखणी. १२० च्या पंख्याच्या स्क्रूच्या भोकांमधलं अंतर १०५ मिमी, आणि शेजारच्या पंख्याचं पहिलं भोक त्याच्यापुढे १५ वर. हे कागदावर एकास एक काढ, प्रिंट काढलीस तर पट्टी लावून तपास कारण प्रिंटर पानात बसवायला आकार बदलतो आणि मग तिसऱ्या पंख्यापर्यंत ३ मिमीचा फरक पडतो. पत्र्यावर दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप, त्यावर कागद चिकटव, गुण्या लावून सरळ कर, मग पंच मारून घे नाहीतर ड्रिल घसरतं.

कापायला तुझ्याकडे दोन रस्ते. गोल भोकांना ११४ मिमीचा होल सॉ, म्हणजे साडेचार इंची, हळू फिरवायचा, तेल घालत, मागे लाकडाची फळी घट्ट लावून. फळी नसेल तर होल सॉ अर्ध्यावर पकडतो आणि ड्रिल मनगट पिरगाळतं. दुसरा रस्ता जिगसॉ, लोखंडाचं बारीक दातांचं पातं. पुढे तीन पंख्यांसाठी तीन गोल पाडण्यापेक्षा एकच लांब चौकोन कापलास तर हवा जास्त येईल, पण मग पत्रा ढिला होतो. पिंजरा काढल्यावर कॅबिनेटचा सांगाडा आधीच कमजोर झालेला असतो, त्या पिंजऱ्यानेच पुढचा भाग ताठ धरलेला असतो. म्हणून चौकोन कापायचा तर आतून दोन्ही बाजूंना १२ बाय १२ चा अँगल रिव्हेट कर. मी असतो तर तीन गोलच पाडले असते.

कडा अर्धगोल कानशीने घास, मग एमरी पेपर. बोट फिरवून बघ, लागलं नाही पाहिजे.

आता गंज. कॅबिनेटचा पत्रा जस्ताचा पातळ थर असलेला असतो, त्यामुळे बाकी अंगाला लवकर गंज लागत नाही. पण तू कापलेली कड म्हणजे उघडं लोखंड. गोव्यात ती पहिल्याच पावसात लाल होणार. कापल्यावर त्याच दिवशी, रात्र मध्ये जाऊ न देता, थिनरने पुसून झिंक असलेला प्रायमर मार. मग रंग, मग रबराची यू बीडिंग. बीडिंग आधी लावून रंग नंतर असं काही जण करतात, ते चुकीचं, बीडिंगच्या आत ओल बसते आणि आतून खाते.

अख्खं कॅबिनेट पावडर कोटिंगला दिलंस तर सगळ्यात उत्तम. १८० ते २०० डिग्रीच्या भट्टीत भाजतात, म्हणून प्लास्टिक, रबर, स्टिकर सगळं काढून दे. आणि त्यांना सांग, मदरबोर्डच्या खांबांचे आटे आणि पॉवर सप्लायचे स्क्रू लागतात ती जागा झाकून मारा. पावडर वीज जाऊ देत नाही, अर्थिंग तुटतं.

चिरेबंदी
मेस्त, हे मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. फळीच्या वाक्याला त्यांनी मान हलवली आणि डाव्या मनगटावरचा जुना वण दाखवला. म्हणाले ह्या माणसाला विचार रविवारी भेटतो का.

पत्रा_मेस्त
भेटतो की. होल सॉ माझ्याकडे आहे, नवा घेऊ नको.

तांबडी_माती
डिचोलीहून. एक गोष्ट कोणी लिहिली नाही ती धूळ. रेडिएटर पुढे, पंखे हवा आत ओढणार, म्हणजे बाहेरची सगळी धूळ त्या बारीक पाकळ्यांत. आमच्याकडे खनिजाचे ट्रक ज्या वर्षांत धावायचे त्या वर्षांत तर टेबलावर बोटाने नाव लिहिता यायचं, आता कमी आहे पण चिऱ्याची लाल धूळ आहेच. ती दमट हवेत रेडिएटरवर लागते आणि चिखलासारखी सुकते, ब्लोअरने निघत नाही. माझ्या रेडिएटरमध्ये एका वर्षात पाण्याचं तापमान सहा अंशांनी वाढलं होतं, मी पंप बिघडला समजून पंप उघडून बसलो. शेवटी मऊ ब्रश आणि पाणी.

जाळी लावच. आणि जाळी अशी लाव की मागचं पुढचं काही न खोलता एका हाताने निघेल, चुंबकाची पट्टी उत्तम, नाहीतर कोणी साफ करत नाही. आत येणारे पंखे जास्त, बाहेर जाणारे कमी ठेव, म्हणजे फटींतून धूळ आत ओढली जात नाही.

फेरीबोट
जाळीने मुंग्या आणि पाली पण थांबतात हे लिहायचं राहिलं. दिवाडीवर आमच्या घरी पालीने एका पॉवर सप्लायचा जीव घेतलाय, आणि स्वतःचाही.

मांडवीपार
चिरेबंदीच्या तिसऱ्या प्रश्नाचं काय झालं? पावसाळ्यात थंड पाण्याच्या बाटलीवर थेंब येतात तसे ट्यूबवर येणार नाहीत?

सोलकढी
हे मी सांगते. रेडिएटर पाण्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही, फक्त तिच्या जवळ आणू शकतो. बाटली फ्रिजमधून आलेली असते म्हणून तिला घाम येतो. चालू पीसीतलं पाणी खोलीपेक्षा सात-दहा अंश गरमच असतं, त्याला घाम येणार नाही.

पण एक प्रसंग खरा आहे आणि तो मी ऑफिसात बघितलाय, तिथे लूप नव्हता, साधे पीसी होते. जून-जुलैत आपल्याकडे दवबिंदू २५ च्या आसपास असतो, म्हणजे त्याहून थंड कुठल्याही वस्तूवर पाणी धरतं. रात्रभर एसी २० वर, पीसी बंद, सगळं लोखंड आणि लूपमधलं पाणी २० वर आलेलं. सकाळी सफाईवाल्या बाईंनी एसी बंद करून खिडक्या उघडल्या. एसी गाडीतून उतरल्यावर चष्म्यावर वाफ धरते ना, तसंच कॅबिनेटच्या आत. लूपमध्ये दोन लिटर पाणी असेल तर ते लवकर गरमही होत नाही, म्हणून तुमच्याकडे जास्त जपायला हवं. सकाळी खिडकी उघडून अर्धा-पाऊण तास जाऊ द्यायचा, मग पीसी चालू करायचा. इतकंच. आणि चिलर वगैरे लावून पाणी खोलीपेक्षा थंड करायचा नाद गोव्यात नको.

जुना_टर्मिनल
पाणी आणि वीज एकत्र म्हणून घाबरणाऱ्यांसाठी. १९८० साली आलेल्या आयबीएम ३०८१ मेनफ्रेममध्ये चिप्सच्या मॉड्यूलवर थंड पाण्याची प्लेटच होती, बँका त्यावर चालायच्या. १९८५ च्या क्रे-२ सुपरकॉम्प्युटरमध्ये तर सगळी सर्किटं फ्लुओरिनर्ट नावाच्या द्रवात बुडवलेली होती, तो वीज वाहून नेत नाही. आणि २०१० मध्ये झुरिकला अ‍ॅक्वासार नावाचा संगणक बसवला, तो गरम पाण्याने थंड करायचे आणि बाहेर पडलेल्या उष्णतेवर इमारत उबदार ठेवायचे.

खाजे
म्हणजे चिरेबंदीच्या आंघोळीचं पाणी तापवायची सोय झाली.

तांबडी_माती
मे महिन्यात फोंड्यात ते टाकीतून तसंही तापूनच येतं.

चिरेबंदी
एक विचारायचं होतं, हसू नका. बाजूचा पत्रा बदलून काचेऐवजी दुसरं काही लावायचं मनात आहे. आजोळच्या घराची एक जुनी खिडकी माळ्यावर पडलीय, शिंपल्यांची. लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत चौकोनी कापलेले पातळ शिंपले, मागे दिवा लावला की दुधासारखा उजेड येतो. लहानपणी दुपारी त्या खिडकीखाली झोपायचो. चौकट अर्धी वाळवीने गेलीय पण शिंपले चांगले आहेत. ते बाजूला बसवले तर?

फेरीबोट
हे तर आपण कोणी बघितलेलं नाही. नक्की कर. काच महाग होती तेव्हा आपल्याकडे जुन्या घरांना ह्याच खिडक्या असायच्या, आमच्या घराला अजून दोन शिल्लक आहेत. फक्त तुटलेल्यांच्या जागी नवे शिंपले आणायला जाऊ नको, त्या शिंपल्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. आहेत त्यांत भागव.

पत्रा_मेस्त
नवी चौकट फणसाची कर, सागवान महाग पडेल. पण लाकूड पावसात रुंदीला फुगतं. स्क्रूची भोकं गोल पाडू नको, लांबट पाड, म्हणजे लाकूड हललं तरी पत्रा ओढला जाणार नाही. आणि शिंपले चिकटवू नको, पहिल्यासारखे खाचेतच सरकव.

सोलकढी
चिरेबंदी, मी सुरुवातीला नवीन कूलर घे म्हटलं होतं ते मागे घेते. हे कॅबिनेट तू ठेवच.

फेरीबोट
एक माझ्यावर आलेला प्रसंग सांगतो, पाणी भरायच्या आधी वाचा. पहिल्या लूपला मी घाई केली. सगळं बसवलं, पाणी भरलं, आणि पंप फिरतोय ना बघायला थेट पीसी चालू केला. एका फिटिंगची ओ-रिंग आत दुमडली होती. पाणी थेंब थेंब ग्राफिक्स कार्डाच्या मागच्या बाजूवर. कार्ड गेलं. तेव्हा ते माझ्या दोन पगारांचं होतं.

मदरबोर्ड, कार्ड कशालाच वीज न देता फक्त पंप चालवायचा. पॉवर सप्लायच्या २४ पिनच्या वायरीत हिरवी आणि काळी जोडली की तो सुरू होतो, आता सगळ्या वायरी काळ्याच येतात म्हणून त्यासाठीचा तयार प्लग घ्या, अंदाजाने वायर घालू नका. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर, चोवीस तास. त्याच्याही आधी हवेच्या पंपाने अर्धा बार दाब भरून काटा बघायचा, अर्ध्या तासात काटा हलला नाही तरच पाणी.

शून्य अंश
फेरीबोटशी शंभर टक्के सहमत. अजून तीन. रेडिएटरचे स्क्रू लांबी मोजून घे, २५ च्या पंख्याला ३० चा स्क्रू चालतो पण मध्ये पत्रा आला की तेवढी लांबी कमी-जास्त होते, आणि भोकाच्या बरोबर मागे पाण्याची नळी असते, जास्तीचा स्क्रू तिला फोडतो. ट्यूब काळ्या ईपीडीएम रबराची घे, पारदर्शक पीव्हीसी कालांतराने पांढरी पडते आणि तिच्यातून निघालेला चिकट थर ब्लॉकमध्ये बसतो. आणि सगळ्यात खालच्या सांध्याला एक टी (तीन तोंडांचं फिटिंग) आणि बॉल व्हॉल्व्ह, पाणी काढायला. तो विसरलास तर पुढच्या वर्षी तू तेवढं जड कॅबिनेट उलटं करून धरलेलं असशील.

चिरेबंदी
मंडळी, दीड महिन्याने परत आलो, आधी माफी.

रविवारी कुंडईला मेस्तांकडे गेलो, बाबा पण आले. होल सॉ मेस्तांनी चालवला, फळी बाबांनी धरली, मी तेल घालत होतो. पुढे तीन गोल, छतावर दोन. कानस बाबांनी दुसऱ्या कोणाला दिलीच नाही, पाचही भोकं त्यांनीच घासली, तीन तास, मधे एकदा चहा. शेवटी डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले आता बघ. संध्याकाळीच झिंक प्रायमर मारला, आठवड्याने पावडर कोटिंग, रंग परत काळाच.

चुकलं ते सांगतो. छतावरच्या भोकांतलं एक दीड मिमी सरकलं कारण प्रिंट मी तपासली नव्हती, मेस्तांनी आधीच लिहिलं होतं तरी. ते भोक लांबट करून जमवलं. दाब भरल्यावर काटा दहा मिनिटांत खाली आला, शोधल्यावर कार्डाच्या ब्लॉकचं एक फिटिंग हातानेच फिरत होतं. फेरीबोट, तुमच्या पोस्टमुळे ते हवेवर कळलं, पाण्यावर नाही.

आता आकडे. खोली ३१, तासभर रेंडर, पाणी ४०, कार्ड ५३, प्रोसेसर ७२. पंखे ९०० आरपीएमवर. पंपाचा आरपीएम बायॉसमध्ये लावलाय, खाली गेला की मशीन बंद होतं. आई अजून मिक्सरबद्दल काही बोललेली नाही.

शिंपल्यांचा दरवाजा झाला, फणसाच्या चौकटीत सोळा बसले, चार उरले ते जपून ठेवलेत. आत एक साधी पिवळट एलईडी पट्टी आहे, बाकी रंगीत दिवे काढून टाकले. रात्री खोलीतली ट्यूबलाइट बंद केली की भिंतीवर त्या खिडकीचाच उजेड पडतो.

परदेशी_पाखरू
फोटो बघितले. दोनदा. पाणी काढलं माझं पण, तळाला हिरवट थर होता, ब्लॉक खोलून धुतला, आता डिस्टिल्ड आणि कॉन्सन्ट्रेट. कॅबिनेटबद्दलचं माझं मत मी बदलतो, खाजे यांनी नोंद घ्यावी.

खाजे
घेतली. पेढे कोण देणार?

मांडवीपार
दादा, तुम्ही काढून टाकलेला डीव्हीडीचा पिंजरा भंगारात दिलात का? नसेल तर मला हवाय, मडगावपर्यंत न्यायला मी येतो.

चिरेबंदी
आहे, ये. रिव्हेटची भोकं घासायची राहिलीत तेवढी बघ, कानस घेऊन ये नाहीतर बाबा देतील.

पत्रा_मेस्त
काम चांगलं झालं. पण माझं समाधान पावसानंतर. पाणी काढायला उघडशील तेव्हा पुढच्या खालच्या भोकाची बीडिंग सोडवून आतली कड बघ, ओल पहिली तिथेच उतरते. तांबूस दिसलं तर फोन कर, घासून परत प्रायमर मारू.

चिरेबंदी
हो मेस्त. ऑक्टोबरात उघडतो, पाचही कडांचे फोटो इथेच टाकतो.